दुसरा पक्षी कुठे गेला? : ‘द प्रेस्टीज’, चुंग लिंग सू आणि माझी एक चूक

१/ आजचा धागा म्हणजे एका चुकीची कबुली आहे. दोन वर्षांपूर्वी याच मालिकेत ‘कलेसाठी आयुष्य झिजवणारी माणसे’ या विषयावर लिहिताना मी एका चिनी जादूगाराचे उदाहरण दिले होते. ते उदाहरण चुकीचे होते. माणूस खरा होता, त्याचे रंगमंचावरचे नावही खरे होते. पण तो चिनी नव्हता आणि मी सांगितलेली गोष्ट त्याची नव्हती. ती मी क्रिस्टोफर नोलनच्या ‘द प्रेस्टीज’ या चित्रपटातून जशीच्या तशी उचलली होती. चूक लक्षात आल्यावर मी जे केले, ते त्या चुकीपेक्षाही वाईट होते. ते शेवटी सांगते.

२/ आधी एक इशारा. हा चित्रपट २००६ सालचा आहे आणि क्रिस्टोफर प्रीस्ट यांच्या १९९५ सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे. पुढे त्यातली सगळी रहस्ये उघड होणार आहेत. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी इथेच थांबावे, चित्रपट पाहावा आणि मग परत यावे. धागा कुठे जात नाही.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे लंडन. रॉबर्ट अँजियर आणि आल्फ्रेड बॉर्डन हे दोन तरुण एकाच जादूगाराच्या हाताखाली उमेदवारी करत असतात. पाण्याच्या टाकीतून सुटकेच्या प्रयोगात अँजियरची पत्नी बुडून मरते. तिच्या हातांची गाठ बॉर्डनने बांधलेली असते. तिथून वैर सुरू होते. एकमेकांचे प्रयोग उधळणे, एकमेकांची गुपिते चोरणे, एकमेकांची माणसे फोडणे. गोळी झेलण्याच्या एका प्रयोगात अँजियर बॉर्डनची दोन बोटे उडवतो. दोघांनाही एकच प्रयोग हवा असतो : एका दारातून आत जायचे आणि त्याच क्षणी दूरच्या दुसऱ्या दारातून बाहेर यायचे.

४/ मग उलगडे होतात. बॉर्डन नावाचा एकच माणूस नसतो. दोन जुळे भाऊ एकच आयुष्य आळीपाळीने जगत असतात. एकाची बोटे तुटली तेव्हा, फरक दिसू नये म्हणून दुसऱ्यानेही आपली तोडून घेतलेली असतात. अँजियर तर निकोला टेस्लाने बनवलेल्या यंत्रातून रोज रात्री स्वतःची दुसरी प्रत निर्माण करतो आणि दोघांपैकी एक रंगमंचाखालच्या टाकीत बुडून मरतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात तेव्हा खाली एक माणूस मरत असतो.

५/ या सगळ्याचे बीज चित्रपटाच्या आरंभीच्या एका साध्या प्रयोगात आहे. पिवळ्या पक्ष्यासह पिंजरा नाहीसा होतो आणि क्षणात जादूगाराच्या हातात पक्षी परत दिसतो. सगळे खूश होतात. एक लहान मुलगा मात्र रडत रडत विचारतो, याचा भाऊ कुठे गेला? त्याला कळलेले असते. पिंजरा दाबून चपटा झाला, त्यात एक पक्षी चिरडला गेला आणि आपल्याला दाखवला तो दुसराच. मी हा चित्रपट चार वेळा पाहिला. या मुलाचा प्रश्न मला चौथ्या वेळी ऐकू आला.

६/ ‘प्रेस्टीज’ हा शब्द आपल्याकडे बहुतेकांना पहिल्यांदा कुकरवर भेटतो आणि मग त्याचा अर्थ कळतो : प्रतिष्ठा. त्याचे मूळ मात्र नजरबंदी, जादूगाराच्या हातचलाख्या अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि एके काळी तिथेही त्याचा अर्थ फसवणूक असाच होता. डोळे दिपवणारा प्रभाव आणि मग मानमरातब, हे अर्थ नंतर आले. फसवणुकीपासून प्रतिष्ठेपर्यंत एका शब्दाने केलेला हा प्रवास पुढच्या गोष्टीत एका माणसानेही केला.

७/ आता माझ्या चुकीकडे. चित्रपटात अँजियर आणि बॉर्डन यांना एका चिनी जादूगाराचा प्रयोग पाहायला धाडले जाते. त्याचे नाव चुंग लिंग सू. हा म्हातारा जादूगार रिकाम्या जागेतून माशांसह पाण्याने भरलेले जड काचपात्र काढतो. ते येते कुठून? बॉर्डनला नाट्यगृहाबाहेर उत्तर सापडते. म्हातारा दुसऱ्याच्या आधाराने, पाय ओढत, कष्टाने गाडीत चढत असतो. पात्र त्याच्या झग्याखाली गुडघ्यांत धरलेले असते. चाल संशयास्पद वाटू नये म्हणून तो जन्मभर सगळीकडे तसाच अधू असल्याप्रमाणे चालतो. बॉर्डनच्या मते खरा प्रयोग हाच : संपूर्ण आयुष्य कलेला वाहणे.

८/ मी भारावले होते. दोन वर्षांपूर्वीच्या त्या धाग्यात मी लिहिले की चुंग लिंग सू हा थोर चिनी जादूगार कलेच्या निष्ठेपायी आयुष्यभर पाय ओढत चालला. आधार काय? चित्रपट. नाव खरे आहे एवढे मी शोधून पाहिले होते. अशा नावाचा जादूगार लंडनमध्ये होऊन गेला हे कळले आणि माझे समाधान झाले. लोकांनी तो भाग सर्वांत जास्त पसंत केला. अकरावीतल्या एका वाचकाने ते उदाहरण वक्तृत्व स्पर्धेत वापरले, त्याला दुसरे बक्षीस मिळाले आणि त्याने मला आनंदाने कळवले.

९/ पुढे काही महिन्यांनी, पदव्युत्तर वर्गातल्या एका निबंधासाठी मी चीनमधल्या १९०० सालच्या बॉक्सर उठावावर वाचत होते. पश्चिमेत त्या उठावाचे काय चित्र उभे केले गेले, या प्रकरणात लंडनच्या एका जादूगाराच्या भित्तिपत्रकाचा उल्लेख आला. जादूगार : चुंग लिंग सू. त्याच ओळीत पुढे त्याचे खरे नाव होते : विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन. जन्म १८६१, न्यूयॉर्क राज्य. मी ते वाक्य तीनदा वाचले. ग्रंथालयात माझ्या शेजारी कोणी नव्हते, तरीही मला लाज वाटली.

१०/ मग जे समोर आले ते चित्रपटापेक्षा विलक्षण होते. रॉबिन्सन हा पडद्यामागचा माणूस. अमेरिकेतले त्या काळचे दोन सर्वांत नामांकित जादूगार, हॅरी केलर आणि अलेक्झांडर हरमन, एकमेकांचे प्रतिस्पर्धी. रॉबिन्सनने दोघांकडेही काम केले. दोन्ही घरांतली गुपिते जाणणारा हा सहायक स्वतः रंगमंचावर आला, तोही सोंग घेऊनच. माक्स आउत्सिंगर नावाचा जर्मन कलावंत ‘बेन अली बे’ या पौर्वात्य नावाने काळ्या पडद्यासमोरचे प्रयोग करत असे; रॉबिन्सन त्याच धर्तीवर ‘अकमेद बेन अली’ झाला. म्हणजे सोंगाचेही सोंग.

११/ आता खरा चिनी जादूगार येतो. त्याचे नाव झू लियानक्वे, रंगमंचावर चिंग लिंग फू. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात त्याचे प्रयोग झाले आणि तो देशभर गाजला. रिकाम्या जागी कापड पसरून तो काठोकाठ पाण्याने भरलेले प्रचंड पात्र काढी आणि मग त्या पात्रातून एक मूल. चित्रपटातल्या काचपात्राच्या प्रयोगाचे मूळ हे असे आहे. ज्या देशाने १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद केले होते, त्या देशात एक चिनी कलावंत नाट्यगृहे भरवत होता.

१२/ फूच्या वतीने जाहीर झाले : त्याचा पाण्याच्या पात्राचा प्रयोग जो करून दाखवेल त्याला एक हजार डॉलर. रॉबिन्सन पुढे झाला. त्याला संधी नाकारण्यात आली. अपमान झाला असे त्याला वाटले असेल, किंवा दारात पैसा उभा असलेला दिसला असेल. माणसाच्या मनातला हिशेब कागदावर उतरत नाही. पुढे काय घडले ते मात्र नोंदले गेले आहे. पॅरिसला एक चिनी जादूगार हवा होता आणि फू उपलब्ध नव्हता. १९०० मध्ये रॉबिन्सन डोके भादरून, लांब वेणी लावून, चेहरा रंगवून आणि रेशमी झगा घालून फोली बर्जेरच्या रंगमंचावर उभा राहिला.

१३/ त्याच वर्षी तो लंडनला आला आणि स्थिरावला. चिंग लिंग फू यावरून बेतलेले नाव ठरले : चुंग लिंग सू. प्रयोगात तो बोलत नसे. वार्ताहर भेटायला आले तर मुलाखत दुभाष्यामार्फत होई. दुभाषा होता कामेतारो, त्याच्या चमूतला एक जपानी कलावंत. चित्र डोळ्यांसमोर आणा : अमेरिकन माणूस चिनी भासेल असे काहीतरी पुटपुटतो, जपानी माणूस ते ‘समजून’ इंग्रजीत सांगतो आणि इंग्रज वार्ताहर ते उतरवून घेतो. दुसऱ्या दिवशी तो छापील पुरावा होतो. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी शंभर वर्षांनी तोच कागद हातमोजे घालून उघडतो.

१४/ सोंग घरापर्यंत पोचले होते. त्याची रंगमंचावरची चिनी पत्नी ‘सुई सीन’ म्हणजे डॉट हे लाडके नाव असलेली ऑलिव्ह पाथ. ती गोरी अमेरिकन होती, चणीने इतकी लहान की अनेक प्रयोग त्यावरच उभे होते. तिच्याही आधीची त्याची कायदेशीर पत्नी वेगळीच होती आणि तिच्याशी घटस्फोट झालेला नव्हता. पुढे लंडनच्या बार्न्स भागात त्याचा आणखी एक संसार होता, लुईस ब्लॅचफर्ड आणि तीन मुले यांचा. बॉर्डन बंधूंचे दुहेरी आयुष्य आपल्याला अविश्वसनीय वाटते. इथे एकच माणूस, जुळा भाऊ नसताना, तेवढेच गुंतागुंतीचे आयुष्य जगत होता.

१५/ जानेवारी १९०५. चिंग लिंग फू लंडनला आला. लेस्टर स्क्वेअर परिसरात एका नाट्यगृहात सू आणि जवळच्या दुसऱ्यात फू, अशी स्थिती झाली. फूने जाहीर केले की हा माणूस चिनीच नाही, तोतया आहे. आव्हान-प्रतिआव्हान झाले. ‘वीकली डिस्पॅच’ या वृत्तपत्राच्या कचेरीत दोघांनी प्रयोग करायचे ठरले. फूची मागणी होती की सूने आधी चिनी वकिलातीपुढे आपण चिनी असल्याचे सिद्ध करावे. ठरल्या दिवशी सू आला, प्रयोग केले, वार्ताहर प्रसन्न झाले. फू आलाच नाही. विजेता : चुंग लिंग सू.

१६/ या प्रसंगाशी मी बरेच दिवस अडखळून थांबले. फूचे म्हणणे शब्दशः खरे होते. तरीही तो हरला, कारण त्याने विचारलेला प्रश्न कोणालाच ऐकायचा नव्हता. ‘कोणाचा प्रयोग सरस’ हा प्रश्न सर्वांना हवा होता. ‘हा माणूस कोण’ हा प्रश्न एकट्या फूला हवा होता. शिवाय लंडनच्या प्रेक्षकाच्या मनात चिनी माणसाचे जे चित्र होते, त्याच्याशी खऱ्या चिनी माणसापेक्षा रॉबिन्सन अधिक जुळत होता. ते साहजिकच होते. त्याने आपले सोंग त्या चित्रावरूनच बेतले होते. व्यवसायातल्या अनेक जादूगारांना तो अमेरिकन असल्याचे ठाऊक होते. त्यांनी व्यवसायाचा नियम पाळला : गुपित फोडायचे नाही.

१७/ आता ते भित्तिपत्रक, ज्याने माझी चूक मला दाखवली. सूचा सर्वांत गाजलेला प्रयोग गोळी झेलण्याचा. बॉक्सर बंडखोरांनी त्याला मृत्युदंड दिला आहे, बंदुका त्याच्यावर रोखल्या आहेत आणि तो गोळ्या चिनी मातीच्या ताटलीवर झेलतो, असे त्याचे रूप होते. बॉक्सर म्हणजे उत्तर चीनमधले शेतकरी तरुण. विधी आणि कवायत केल्याने आपल्याला गोळी लागणार नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. १९०० मध्ये आठ देशांच्या फौजा पेकिंगमध्ये शिरल्या. परकीय फौजांपुढे ती श्रद्धा टिकली नाही; असंख्य माणसे मेली. लंडनमध्ये मात्र एक अमेरिकन त्याच श्रद्धेचा खेळ करून रोज टाळ्या घेत होता.

१८/ २३ मार्च १९१८, लंडन, वुड ग्रीन एम्पायर नाट्यगृह. दोन सहायकांनी बंदुका रोखल्या, बार उडाले आणि सू कोसळला. काहीतरी घडले आहे, पडदा पाडा, अशा अर्थाचे शब्द त्याच्या तोंडून निघाले, आणि ते इंग्रजीत होते. अठरा वर्षे रंगमंचावर मौन पाळलेल्या माणसाचे प्रेक्षकांनी ऐकलेले ते पहिले इंग्रजी. दुसऱ्या दिवशी, २४ मार्चला, तो मरण पावला. चित्रपटात गोळी झेलण्याच्या प्रयोगात दोन बोटे जातात. ज्याचे नाव चित्रपटाने उसने घेतले, त्या माणसाचा प्राण त्याच प्रयोगात गेला होता.

१९/ गुपित उघडले ते कॉरोनरच्या चौकशीने. बंदुका ठासणीच्या होत्या. अशा बंदुकीच्या नळीखाली ठासणीचा गज ठेवण्यासाठी आणखी एक पोकळी असते. रॉबिन्सनने ठिणगीची वाट वळवून त्या खालच्या पोकळीत नेली होती आणि तिथे नुसती दारू भरलेली असे. चाप ओढला की धूर, आवाज सगळे होई. वरच्या नळीतली गोळी जागची हलत नसे. प्रेक्षकांनी खूण केलेल्या गोळ्या आधीच बदललेल्या असत. प्रयोगानंतर बार न उडवता, मागचा स्क्रू काढून तो नळी रिकामी करी. वर्षानुवर्षांच्या या उघडझापीने आटे झिजले, दारूचे कण फटीत झिरपले आणि त्या रात्री ठिणगी वरच्या नळीतही पोचली. निष्कर्ष निघाला : अपघाती मृत्यू.

२०/ आता चित्रपटाकडे परत. चित्रपटाने या माणसाचे काय केले? एका अमेरिकनाचे सोंग घेतले आणि तेच त्याचे खरे रूप म्हणून दाखवले. पडद्यावरचा चुंग लिंग सू खरोखरच चिनी आहे. सालांचेही जमत नाही. टेस्ला कोलोरॅडो स्प्रिंग्जला १८९९ च्या मे महिन्यात गेला आणि १९०० च्या जानेवारीत परतला. कथेत अँजियर त्याला तिथेच भेटतो आणि जादूगाराचा प्रसंग त्याच्या पुष्कळ आधीचा आहे. पण चुंग लिंग सू हे पात्र जन्मले १९०० मध्ये. पडद्यावर जो म्हातारा पाय ओढत जातो, तो त्या काळी अस्तित्वातच नव्हता.

२१/ नोलनवर माझा आरोप नाही. चित्रपट जादूगारांवर आहे आणि आपण फसवणार हे तो पहिल्याच दृश्यात सांगतो. त्याने मला इतिहास शिकवण्याचे वचन दिले नव्हते. तसे वचन मी तुम्हाला दिले होते. शिवाय जिम स्टाइनमायर यांचे रॉबिन्सनवरचे सविस्तर चरित्र चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, प्रसिद्ध झालेले होते. ते उघडण्याचे कष्ट मी घेतले नाहीत, कारण मला आवडलेली गोष्ट मला मिळालेली होती. माझ्या चुकीचे कारण अज्ञान नव्हते. गोष्ट सुंदर होती, म्हणून मी तिला ‘तू कोण’ असे विचारले नाही. १९०५ च्या लंडनने नेमके हेच केले होते.

२२/ ‘दूरच्या चीनची गोष्ट, आपला काय संबंध’ असे कोणाला वाटेल, म्हणून एक जोडी सांगते. रामो सामी हा भारतीय जादूगार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनला गेला आणि तलवार गिळण्याच्या खेळाने गाजला. १८५० मध्ये तो तिथेच गरिबीत मेला. अंत्यविधीसाठी त्याच्या पत्नीला लोकांकडे मदत मागावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी, १८४९ मध्ये, आइल ऑफ वाइट बेटावर सुट्टीला गेलेले कादंबरीकार चार्ल्स डिकन्स तोंड काळे करून, झगा घालून, ‘ऱ्हिया ऱ्हामा ऱ्हूस’ नावाचे भारतीय जादूगार बनून मित्रांना खेळ दाखवत होते. डिकन्स यांच्या मनात वाईट काही नसेल. पण कोणाचे सोंग आठवणीत राहिले आणि कोणाचे माणूसपण गेले, हे पाहण्यासारखे आहे.

२३/ आता राहिलेली कबुली. ग्रंथालयातून त्या दिवशी घरी येऊन मी जुन्या धाग्यातला तो भाग गुपचूप काढून टाकला. दुरुस्ती लिहिली नाही, कोणाला सांगितले नाही. क्रमांक नीट जुळवले, म्हणजे रिकामी जागा दिसू नये. चपटा पिंजरा खाली सरकवला आणि प्रेक्षकांना स्वच्छ हात दाखवला. चूक प्रत्येकाची होते. ती झाकण्याचे कौशल्य माझ्यात आहे, हे मला त्या रात्री कळले आणि तेच अधिक बोचले. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवलेल्या त्या मुलाला तर मी विसरूनच गेले होते. किंवा विसरल्याचे सोंग घेतले होते.

२४/ गेल्या महिन्यात चित्रपट चौथ्यांदा पाहिला. पक्ष्याच्या दृश्यापाशी थांबवला आणि त्या मुलाला संदेश लिहिला. तो आता महाविद्यालयात आहे. सगळे सांगितले : तो चिनी नव्हता, मी तपासले नव्हते, तुझ्या भाषणातली गोष्ट माझ्यामुळे चुकली. दोन तासांनी उत्तर आले. मला वाटले, रागावला असेल. त्याने एवढेच विचारले होते, “ताई, मग तो खरा चिनी जादूगार कोण होता? त्याचं पुढे काय झालं?” रॉबिन्सनबद्दल मी त्याला दहा परिच्छेद लिहिले होते. फूबद्दल एक ओळ. म्हणजे दुरुस्ती करतानाही मी तोतयाचीच गोष्ट सांगत होते.

२५/ म्हणून त्याला लिहिलेले उत्तर इथेही देते. चिंग लिंग फू १९०५ च्या त्या प्रसंगाने संपला नाही. १९१२ पासून त्याने पुन्हा अमेरिकेचा दौरा केला; त्याची मुलगी ची टॉय त्याच्या चमूत गात असे. १९२२ मध्ये तो वारला. त्याचा पाण्याचा प्रयोग आजही जादूगार करतात. चित्रपटातला प्रयोगही त्याच्याच प्रयोगाचा वंशज. पण श्रेयनामावलीत नाव दिसते ते तोतयाचे.

२६/ यापुढे या मालिकेत एक नियम पाळणार आहे. चूक सापडली तर मजकूर काढायचा नाही. तो तसाच ठेवून त्याखाली दुरुस्ती जोडायची, तारखेसह. दोन वर्षांपूर्वीचा तो भाग माझ्या नोंदींतून शोधून मी पुन्हा जागेवर ठेवला आहे आणि त्याखाली या धाग्याचा दुवा दिला आहे. तुमच्यापैकी कोणी तो भाग कुठे वापरला असेल, भाषणात, निबंधात, मित्रांच्या गप्पांत, तर ही दुरुस्ती तिथपर्यंत पोचवा. आणि माझ्या इतर धाग्यांत एखादी गोष्ट फारच सुंदर वाटली, तर तिचा आधार मला विचारा. मी उत्तर देईन, किंवा चुकले असे लिहीन.